विज्ञानकादंबरी आणि जाणता वाचक

(ग्रंथपाल, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानकादंबरी म्हटली की दोन प्रकारची मते सहसा ऐकू येतात. पहिले मत असे की, हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार आहे. परग्रहावरची माणसे, उडत्या तबकड्या आणि बोलणारी यंत्रे यांत प्रौढ माणसाने वेळ कशाला दवडावा? दुसरे मत कौतुकाचे असते. अमुक लेखकाने पाणबुडी आधीच पाहिली, तमक्याने चंद्रावरची स्वारी शंभर वर्षे आधी वर्णिली, म्हणून हे लेखक द्रष्टे होत, असे ते मत सांगते. पहिल्यात उपेक्षा आहे, दुसऱ्यात आदर आहे. परंतु दोन्ही मते पुस्तक न वाचताही बाळगता येतात, हा त्यांचा समान दोष होय.

ज्याने या कादंबऱ्या निवडून आणि सावकाशीने वाचल्या आहेत, अशा वाचकाचे मत निराळे पडते. त्याला असे दिसते की, चांगल्या विज्ञानकादंबरीत माणसाच्या हाती एखादे नवे सामर्थ्य येते आणि मग सारे कथानक तीन प्रश्नांभोवती फिरू लागते. हे सामर्थ्य कोणाच्या हाती आले? ते वापरण्याचा निर्णय कोणी घेतला? आणि त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागले? हे तीन प्रश्न जी कादंबरी जिवंतपणे उभे करते, ती तिच्यातले यंत्र कितीही जुनाट ठरले तरी जुनी होत नाही. जी कादंबरी केवळ यंत्राचे वर्णन करते, ती मात्र ते यंत्र बाजारात येताच शिळी होते. या कसोटीवर काही जुन्या आणि काही नव्या कादंबऱ्या पाहाव्यात, आणि गावोगावच्या ग्रंथालयांना व शाळांना त्यांतून काय घेता येईल याचा विचार करावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

भाकिताची कसोटी अपुरी

भाकीत खरे ठरणे हीच थोरवी मानणाऱ्यांना एच. जी. वेल्स यांची 'द वर्ल्ड सेट फ्री' ही कादंबरी फार प्रिय असते. ती १९१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि 'अणुबाँब' हा शब्द तीत आला. अणूतील ऊर्जा मुक्त करण्याचा शोध कादंबरीत १९३३ साली लागतो. योगायोग असा की, हंगेरियन शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांना अणूच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली तीही १९३३ मध्येच, आणि त्यांनी ही कादंबरी आदल्याच वर्षी वाचलेली होती.

तथापि बारकाईने पाहिले तर वेल्स यांचे भाकीत बरेचसे चुकलेले आहे. त्यांचा बाँब विमानातून हाताने फेकला जातो आणि एकदा फुटल्यावर दिवसेंदिवस धगधगत राहतो. प्रत्यक्षातला बाँब तसा नव्हता. मग या पुस्तकाचे मोल कशात आहे? विज्ञानाने दिलेले शस्त्र आणि ते वापरणाऱ्या राज्यकर्त्यांची जुनी बुद्धी यांच्यातील दरी त्यांनी ओळखली, यात ते आहे. १९४५ च्या जुलै महिन्यात याच झिलार्ड यांनी जपानवर बाँब टाकण्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा देणारा अर्ज तयार केला आणि सुमारे सत्तर शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. त्या अर्जाने निर्णय बदलला नाही. परंतु शोध लावणाऱ्या माणसानेच, शोध सिद्धीस जात असताना, 'हे वापरण्याचा निर्णय कोण घेणार?' असे विचारावे, ही गोष्ट लहान नव्हे.

भाकीत करावयाचेच असेल तर त्यासाठी कादंबरी लागत नाही, हे ऑर्थर सी. क्लार्क यांच्या उदाहरणावरून दिसते. पृथ्वीभोवती तिच्याच गतीने फिरणाऱ्या, म्हणून आकाशात एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांमार्फत जगभर संदेश पाठविता येतील, ही कल्पना त्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या तांत्रिक मासिकातील एका लेखात मांडली. भारताने १९७५-७६ या वर्षात अशाच एका अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचविले. त्या वेळी कोलंबोत राहणाऱ्या क्लार्क यांच्या घरीही ते कार्यक्रम ग्रहण करणारी तबकडी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने बसवून दिली होती. म्हणजे क्लार्क यांचे सर्वांत उपयुक्त भाकीत लेखात आहे. त्यांच्या कादंबऱ्यांचे काम दुसरे आहे. 'रॉन्देव्हू विथ रामा' (१९७३) या कादंबरीत एक प्रचंड, पोकळ अंतराळयान सूर्यमालेत येते, माणसे त्यात शिरून पाहतात आणि यान कोणाकडेही लक्ष न देता निघून जाते. त्याचे कर्ते कोण आणि ते कशासाठी आले होते, हे अखेरपर्यंत कळत नाही. विश्व आपल्यासाठी निर्माण झालेले नाही, ही नम्रता ती कादंबरी शिकविते.

कॅप्टन निमोचे हरवलेले गाव

ज्यूल व्हर्न यांच्याबाबत तर भाकिताच्या कौतुकाने मोठेच नुकसान केले आहे. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' (१८७०) या कादंबरीने पाणबुडीचे भाकीत केले, असे पाठ्यपुस्तकी वाक्य अनेकांच्या तोंडी असते. वस्तुतः पाणबुड्या त्यापूर्वीच होत्या. रॉबर्ट फुल्टन यांनी १८०० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीचे नावच 'नॉटिलस' होते आणि व्हर्न यांनी तेच नाव आपल्या पाणबुडीस दिले. पाणबुडी ही या कादंबरीची खरी नवलाई नव्हे. नवलाई आहे ती पाणबुडीचा स्वामी कॅप्टन निमो याची. तो विद्वान आहे, उदार आहे, पीडितांना सोने पुरवितो, आणि जहाजे निर्दयपणे बुडवितो.

हा निमो कोण? 'द मिस्टीरियस आयलंड' (१८७५) या पुढील कादंबरीत त्याचा उलगडा होतो. निमो म्हणजे बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र डक्कर. टिपू सुलतानाशी व्हर्न यांनी त्याचे नाते जोडले आहे. लहानपणी त्याला शिक्षणासाठी युरोपात पाठविण्यात आले. तेथील सारे विज्ञान त्याने आत्मसात केले. मायदेशी परतल्यावर १८५७ च्या उठावात तो लढला, जखमी झाला, आणि त्याचे कुटुंब त्या धुमाळीत नष्ट झाले. त्यानंतर तो आपल्या विश्वासू साथीदारांसह समुद्राच्या तळाशी निघून गेला. ज्या विज्ञानाच्या बळावर साम्राज्य उभे होते, तेच विज्ञान पराभूत देशाच्या एका माणसाच्या हाती आले तर काय होईल, हा प्रश्न एका फ्रेंच लेखकाने १८७५ मध्ये विचारला होता. व्हर्न यांच्या मनात प्रथम निमो पोलंडचा होता आणि त्याचा रोष रशियावर होता. प्रकाशकाने रशियातील विक्रीच्या काळजीने त्यास हरकत घेतली. पुढे तो भारतीय झाला, तेव्हा त्या काळच्या एका इंग्रजी भाषांतरात ब्रिटिश सत्तेवरील टीकेचा भाग बदलून सौम्य करण्यात आला.

मुलांसाठी तयार होणाऱ्या संक्षिप्त आवृत्त्यांत हाच प्रकार निराळ्या कारणाने घडतो. पृष्ठे कमी करावयाची असतात, तेव्हा राक्षसी माखल्याशी झालेली झुंज राहते आणि निमोचे दुःख गळते. यंत्र उरते, माणूस जातो. ज्या देशाचा तो राजपुत्र, त्या देशातील मुलांनी निमोला केवळ एक विक्षिप्त कप्तान म्हणून ओळखावे, ही खेदाची गोष्ट आहे. पुस्तकखरेदी करणाऱ्यांनी तिची नोंद घ्यावी.

निर्मात्याची जबाबदारी

मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली. ती लिहावयास घेतली तेव्हा लेखिकेचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव आहे असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या निर्मात्याचे, एका तरुण संशोधकाचे नाव आहे. निर्माण झालेल्या जीवास कादंबरीत नावच नाही, आणि सारी शोकांतिका त्या नसलेल्या नावात आहे.

विज्ञानाने सृष्टीच्या कामात ढवळाढवळ करू नये, असा या कादंबरीचा अर्थ पुष्कळदा लावला जातो. लक्षपूर्वक वाचणाऱ्यास तो पटत नाही. निर्मितीच्या रात्री फ्रँकेन्स्टाइन काय करतो, ते पाहावे. आपण घडविलेला जीव डोळे उघडतो तेव्हा त्याचे रूप पाहून तो पळून जातो. तो जीव पुढे एका कुटुंबाच्या झोपडीलगत लपून राहतो, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, वाचावयास शिकतो, चोरून त्यांना मदत करतो, आणि समोर येताच मार खातो. त्याचे क्रौर्य नंतरचे आहे. फ्रँकेन्स्टाइनने जीव निर्माण केला, हा त्याचा अपराध म्हणावा की नाही यावर वाद होऊ शकेल. त्याने त्याला वाऱ्यावर सोडले, हा अपराध मात्र निर्विवाद होय. कोणतीही योजना सुरू करून तिची देखभाल न करणाऱ्या कोणाही माणसास ही दोनशे वर्षांपूर्वीची कादंबरी आपल्याविषयी बोलत आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही.

याच विषयाची आधुनिक जोड म्हणजे काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' (२००५) ही कादंबरी. तीत एका रम्य निवासी शाळेतील मुलांची कथा आहे. ही मुले कृत्रिम रीतीने, दुसऱ्या माणसांच्या प्रतिकृती म्हणून जन्मास घातलेली आहेत. मोठेपणी त्यांचे अवयव एकेक करून काढले जाणार आहेत, आणि हे त्यांना हळूहळू, न सांगितल्यासारखे सांगितले जाते. कादंबरीत प्रयोगशाळेचे वर्णन जवळजवळ नाही. खेळ, भांडणे, मैत्री आणि आठवणी आहेत. त्यामुळे काही वाचक तिला विज्ञानकादंबरी मानावयास तयार होत नाहीत. उलट पक्षी असे म्हणता येईल की, या प्रकाराची परिणत अवस्था हीच होय. परिणाम भोगणारी माणसे येथे स्वतः बोलतात. ती बंड करीत नाहीत, याचा वाचकास राग येतो. आणि मग हळूच लक्षात येते की, लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या अन्यायाविरुद्ध सहसा कोणीच बंड करीत नाही.

नियमांची परीक्षा

शासकीय कामकाजाशी संबंध असणाऱ्या वाचकांना आयझॅक ॲसिमोव्ह यांच्या यंत्रमानव-कथा विशेष रुचतील. 'आय, रोबॉट' (१९५०) हा त्यांचा एका सूत्रात ओवलेल्या कथांचा ग्रंथ कादंबरीसारखाच वाचला जातो. यंत्रमानवांसाठी त्यांनी तीन नियम कल्पिले. यंत्रमानवाने माणसास इजा करू नये वा निष्क्रिय राहून होऊ देऊ नये. पहिल्या नियमास बाध न येता माणसाची आज्ञा पाळावी. आणि या दोहोंस बाध न येता स्वतःचे रक्षण करावे. हे नियम म्हणजे सुरक्षिततेची हमी आहे, अशी समजूत ऐकीव माहितीवर झालेली असते. ग्रंथ वाचला की ध्यानात येते ते असे की, इतके नेटके नियम असूनही कामे कशी अडतात, हाच बहुतेक कथांचा विषय आहे.

१९४२ मधील 'रनअराउंड' ही कथा पाहावी. बुध ग्रहावर एका यंत्रमानवास सेलेनियम आणावयास पाठविले जाते. आज्ञा सहजपणे, जोर न देता दिलेली असते. यंत्र महाग असल्याने त्याच्यात आत्मरक्षणाचा नियम नेहमीपेक्षा कडक ठेवलेला असतो. सेलेनियमच्या साठ्याजवळ धोका असतो. परिणामी जेथे आज्ञेचा जोर आणि धोक्याचा जोर सारखा होतो, तेथे तो यंत्रमानव साठ्याभोवती गोल गोल फिरत राहतो. पुढेही जात नाही, परतही येत नाही. दोन नियमांच्या मध्ये अडकून कार्यालयातल्या कार्यालयात फिरणारी फाइल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कथेचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अखेर कोंडी फुटते ती एक माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालून पहिल्या नियमाला जागे करतो तेव्हा.

आज यंत्राकडून ओळख पटविण्याची पद्धत सर्वत्र रूढ होत आहे. आयुष्यभर मातीत राबून ज्या वृद्धेच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत, तिचा ठसा शिधावाटप दुकानातील यंत्रावर जुळत नाही, तेव्हा यंत्र आपला नियम चोख पाळीत असते. दोष त्याचा नसतो. अशा वेळी पर्यायी ओळखीची तरतूद असणे, आणि ती तरतूद वापरण्याची तयारी दाखविणारा माणूस समोर असणे, यावर त्या वृद्धेचे धान्य अवलंबून असते. ॲसिमोव्ह यांनी बुधावर मांडलेला प्रश्न इतक्या जवळ येऊन पोचला आहे.

ॲसिमोव्ह यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांची 'फाउंडेशन' (१९५१) ही कादंबरी कल्पनेने भव्य आहे. प्रचंड लोकसमूहाचे भविष्य गणिताने वर्तविता येते, अशी ती कल्पना. परंतु तीतील माणसे बुद्धिबळाच्या प्यादांसारखी वाटतात आणि स्त्रिया जवळजवळ नाहीतच. 'फाउंडेशन अँड एम्पायर' या दुसऱ्या भागात एक असामान्य व्यक्ती येऊन सारे गणित उधळून देते, तेव्हा वाचकास हायसे वाटते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पाणी आणि तारणहार

फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' (१९६५) ही कादंबरी अमेरिकेतील ओरेगॉन किनाऱ्यावरील सरकत्या वाळूच्या टेकड्यांवरून सुचली. तेथे गवत लावून वाळू थोपविण्याचा प्रयोग शेतकी खात्याने केला होता, आणि त्यावर लेख लिहिण्यासाठी हर्बर्ट माहिती जमवीत होते. कादंबरीतील ग्रह संपूर्ण वाळवंटी आहे. तेथील लोक घामाचा व श्वासाचा ओलावा परत मिळविणारे पोशाख घालतात, पाणी ही संपत्ती म्हणून मोजतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुप्तपणे साठा करतात. कारण एके दिवशी हा ग्रह हिरवा करावयाचा, हे त्यांचे स्वप्न आहे. पाण्याच्या टंचाईत पाण्याभोवती शिष्टाचार, कायदा आणि धर्म कसे घडतात, याचे इतके सविस्तर चित्र अन्य कादंबरीत क्वचितच आढळेल. अवर्षणप्रवण तालुक्यातील वाचक हे वर्णन परकेपणाने वाचू शकणार नाही.

तथापि या कादंबरीचा दुसरा विषय अधिक सावधपणे वाचावा लागतो. या लोकांना एक तारणहार मिळतो. तो शूर आहे, बुद्धिमान आहे आणि त्याला भविष्य दिसते. पुष्कळ वाचक त्याच्या विजयावर पुस्तक मिटतात. हर्बर्ट यांना मात्र तारणहारांविषयी इशारा द्यावयाचा होता, आणि तो 'ड्यून मेसाया' (१९६९) या पुढील भागात उघड होतो. त्या नायकाच्या नावाने चाललेल्या युद्धांत अगणित माणसे मारली जातात आणि त्याला ते थांबविता येत नाही. आपले प्रश्न दुसऱ्या कोणी येऊन सोडवावेत असे मानणाऱ्या समाजाने हे दोन्ही भाग एकत्र वाचणे इष्ट होय.

सत्तेविषयीच्या दोन प्रसिद्ध कादंबऱ्यांचा येथे उल्लेख पुरे. ऑल्डस हक्सले यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मध्ये माणसे सुखाने गुंगविली जातात. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' (१९४९) मध्ये ती भयाने वाकविली जातात. त्या मानाने कमी वाचली गेलेली अर्सुला ल ग्विन यांची 'द डिस्पझेस्ड' (१९७४) ही कादंबरी लोकसंस्थांत काम करणाऱ्यांना अधिक उपयोगी पडेल. तीत मालमत्ता व सरकार यांविना चालणारा एक समाज आहे. तेथे तुरुंग नाहीत. परंतु समित्या आहेत, शेजाऱ्यांची नापसंती आहे, आणि स्वतंत्र विचार करणाऱ्या शास्त्रज्ञास त्यांचाही काच होतो. उत्तम हेतूने स्थापन झालेल्या संस्थेतही भिंती कशा उगवतात, हे लेखिकेने त्या समाजाविषयीचे प्रेम न सोडता दाखविले आहे.

मराठीतील वाट

मराठी वाचकास हा प्रकार नवा नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच 'केरळ कोकिळ' मासिकातून व्हर्न यांच्या चांद्रसफरीचे रूपांतर मराठीत आले. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्न यांच्या कथा मराठी मुलांच्या घरात नेल्या. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा-स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' या कथेस पारितोषिक मिळाले. टोपणनावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलट केला की खरे नाव उमगते : जयंत विष्णु नारळीकर.

नारळीकर यांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल स्वतः कादंबरीकार होते. हॉइल यांच्या 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) या कादंबरीत एक विराट ढग सूर्यमालेत येऊन सूर्यप्रकाश अडवितो, आणि तो ढग बुद्धिमान असल्याचे उघड होते. शास्त्रज्ञ कसे विचार करतात, आकडेमोडीत कसे भांडतात, हे या कादंबरीइतके अस्सल अन्यत्र वाचावयास मिळत नाही. परंतु तिची एक उणीव दाखविणे अवश्य आहे. हॉइल यांना राज्यकर्त्यांविषयी तिटकारा आहे. सरकारे ढगावर अणुक्षेपणास्त्रे सोडतात, शास्त्रज्ञ परस्पर ढगाला सावध करतात, आणि क्षेपणास्त्रे उलटून पृथ्वीवर येतात. सरकारांनी कोणास विचारले नाही, हे खरे. पण शास्त्रज्ञांनी तरी कोणास विचारले? ज्यांच्यावर ती कोसळली, त्यांना दोघांनीही विचारले नव्हते. लेखक या प्रश्नावरून झरकन पुढे जातो. वाचकाने तेथे थांबावे.

शिष्याने हा प्रश्न अधिक जबाबदारीने हाताळलेला दिसतो. नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत पूर्वी कधी काळी नांदून गेलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो आणि त्यातील ज्ञानावरून एक विलक्षण यंत्रमानव घडविला जातो. ती संस्कृती नष्ट का झाली, हे कळेपर्यंत वेळ निघून जाऊ लागते. वामनाने बळीकडे तीन पावले जमीन मागितली, ही कथा मराठी वाचकास ठाऊक आहे. लहानखुऱ्या याचकाला हो म्हणताना काय देऊन बसतो याचा अंदाज नसणे, हे भय तेवढ्या एका नावाने जागे होते. परक्या कल्पनेला मराठी देह कसा द्यावा, याचा हा उत्तम नमुना आहे. विचार करणाऱ्या यंत्रांची चर्चा आज घरोघरी चालू असताना ही कादंबरी पुन्हा वाचावी अशी आहे. नारळीकर यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्याबरोबर बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर प्रभृतींनी रुंद केलेली वाट पुढच्या पिढीसाठी मोकळी आहे.

नव्या शतकातील प्रश्न

नव्या शतकातील दोन कादंबऱ्यांचा येथे विचार करणे अगत्याचे आहे. चीनचे लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २००८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादास २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीस हा मान प्रथमच लाभला. तीतील शास्त्रज्ञ स्त्रीने सांस्कृतिक क्रांतीच्या काळात आपल्या प्राध्यापक वडिलांना जमावाकडून ठार होताना पाहिले आहे. पुढे परग्रहावरून आलेल्या संदेशास उत्तर देऊ नये, असा इशारा मिळूनही ती उत्तर देते. माणसांवरचा तिचा विश्वासच उडालेला असतो. अवघ्या मानवजातीचा निर्णय एका दुखावलेल्या मनाने घेतला जातो. कादंबरीचा उत्तरार्ध कल्पनांनी ओथंबलेला असला, तरी वाचकाच्या मनात राहते ती ही स्त्री. समाज एखाद्या माणसावर अन्याय करतो, तेव्हा तो कोणते कर्ज काढून ठेवतो, हे तीत दिसते.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' (२०२०) ही कादंबरी उत्तर प्रदेशातील एका गावात सुरू होते. उष्णतेची भयंकर लाट आली आहे आणि हवेत दमटपणा आहे. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा ३५ अंश सेल्सिअसला पोचला, की घाम वाळत नाही, शरीर थंड होऊ शकत नाही, आणि सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावतो, हे शास्त्रीय सत्य आहे. कादंबरीत वीज जाते. लोक तळ्यात उतरतात, तर पाणीही तापलेले असते. सकाळी एक परदेशी तरुण तेवढा जिवंत उरतो.

हा आरंभ एकदा वाचला की विसरता येत नाही. तरीही भारतीय वाचकास एक गोष्ट खटकते. मरणारे सारे भारतीय, आणि कथा पुढे नेणारा तेवढा परका! त्या गावाचा सरपंच कोण होता, पाण्याचे टँकर कोणी मागविले होते, आरोग्य केंद्राची परिचारिका त्या रात्री कोठे होती, हे कादंबरीला ठाऊक नाही. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा अमलात आणला; अशा कामात गुंतलेली माणसे या देशात आहेत आणि त्यांची कादंबरी अद्याप लिहिली जावयाची आहे. ती विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या लेखकाने वा शिक्षिकेने लिहावी. तिला अंतराळयानाची गरज नाही.

ग्रंथालयांनी आणि शाळांनी काय करावे

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे राज्यात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. त्या जाळ्याचा या साहित्यप्रकारासाठी उपयोग करून घेण्यास फार खर्च येणार नाही. पहिली गोष्ट, पुस्तक खरेदी करताना ते संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे पाहावे. लहान मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती अवश्य असावी. परंतु तिच्या शेजारी संपूर्ण पुस्तक असले, तर आठवी-नववीतला मुलगा वा मुलगी कधीतरी त्याकडे हात नेईल. दुसरी गोष्ट, या पुस्तकांची संपूर्ण मराठी भाषांतरे मागावीत. मागणी असल्याखेरीज प्रकाशक पुढे येत नाहीत. तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. 'लेखकाने कोणत्या शोधाचे भाकीत केले?' हा प्रश्न विद्यार्थ्यास विचारू नये. त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत मिळते आणि वाचन तेथेच संपते. त्याऐवजी आरंभी सांगितलेले तीन प्रश्न विचारावेत : सामर्थ्य कोणाच्या हाती आले, निर्णय कोणी घेतला, परिणाम कोणी भोगले. या प्रश्नांची तयार उत्तरे नाहीत. त्यासाठी पुस्तक उघडावेच लागते.

हेच तीन प्रश्न पुस्तकाबाहेरही चालतात. फवारणीचे ड्रोन, उपसा करणारी नवी यंत्रे, लाभार्थींची यादी तयार करणारी संगणकीय प्रणाली यांपैकी काही ना काही आज प्रत्येक गावात येत आहे, आणि त्यांतील बरेच काही स्वागतार्हच आहे. ग्रामसभेपुढे असा विषय येईल, तेव्हा माहितीपत्रकातील गुणवर्णन वाचून झाल्यावर एखादा सदस्य उठून विचारील, की हे बंद पडले तर कोण दुरुस्त करणार, याने कोणाचे नाव गळणार, आणि ज्याचे गळेल त्याने दाद कोणाकडे मागावयाची? त्या सदस्याने मेरी शेली वाचली असेल वा नसेल. परंतु शेजारच्या ग्रंथालयात ते पुस्तक असेल आणि गावातील दोन-चार मुलांनी ते वाचलेले असेल, तर असा प्रश्न विचारणारी माणसे पुढच्या ग्रामसभेत एकाकी पडणार नाहीत.